बोटांवरचा पिवळा डाग

नोकरीच्या काळात मी शेकडो पंचनामे लिहिले किंवा लिहून घेतले. त्यातले बहुतेक आता आठवणारही नाहीत. एका पंचनाम्यातली एक ओळ मात्र मला अजून पाठ आहे: 'दोन्ही हातांच्या बोटांवर हळदीचे पिवळे डाग.' ती ओळ चुकीची होती. लिहिणाऱ्याने मुद्दाम चूक केली नव्हती, आणि मी ती वाचूनच खाली सही केली होती. बाकी सगळे प्रकरण त्या ओळीपासून सुरू झाले, म्हणून मीही तिथूनच सांगतो.

दुसरी लढाई सुरू व्हायच्या एक-दोन वर्षे आधीची ही गोष्ट. पश्चिम खानदेशात, नंदुरबारच्या बाजूला मी फौजदार होतो. गाव कोणते ते सांगत नाही. सुरत-भुसावळ रेल्वेवरचे आणि मिरचीच्या बाजाराचे गाव, एवढे पुरे. माणसांची नावेही मी बदलली आहेत. मी मूळचा घाटावरचा. तिकडे जाऊन मला वर्ष झाले होते. अहिराणी मला समजत होती, बोलता येत नव्हती. आपल्याला भाषा समजते म्हणजे माणसेही समजतात, असा माझा त्या वयात भ्रम होता.

फाल्गुनाचे दिवस होते. मिरचीचा हंगाम भरात होता आणि लग्नसराईही सुरू झाली होती. एका गुरुवारी सकाळी मी ठाण्यात येऊन डायरी उघडतो न उघडतो, तोच एक शेठ समोर येऊन उभे राहिले. स्टेशनजवळ त्यांचे मिरचीचे मोठे गोदाम होते. गावात वजन होते. मामलेदार साहेबांच्या पंगतीला बसणारा माणूस. मी खुर्ची दिली, चहा मागवला.

"रावसाहेब, माझ्याकडचा एक हमाल आज पहाटे मेला," ते म्हणाले. "धुडकू. त्याचा मेहुणा उखा, तोही माझ्याकडेच हमाल आहे. दोघांचं बरेच दिवस वाकडं होतं. धुडकू बायकोला मारायचा, आणि बायको म्हणजे उखाची सख्खी बहीण. काल संध्याकाळी उखाने त्याला घरी नेऊन दारू पाजली. लोक म्हणतात, दारूत धोतरा होता. मला काय करायचंय? पण कळलं ते सांगणं माझं काम."

मी बातमीची नोंद केली. वेळ सव्वासात. त्यानंतर पाऊण तासाने, आठ वाजता, धुडकूच्या वाडीचा पोलीस पाटील अकस्मात मयताची खबर घेऊन आला. या दोन्ही नोंदी एकाखाली एक, माझ्याच अक्षरात होत्या. मृत्यूची खबर यायच्या आधीच खुनाची टीप आली होती, आणि ते माझ्या लक्षात आले नाही. शेठ चहा पीत समोर बसले होते, म्हणून आले नाही असे मला वाटते. टीप देणारा फाटका असता, तर मी त्याला आधी उलटसुलट विचारले असते.

वाडी गावापासून सव्वा मैलावर होती. तिथे सगळी हमालांची आणि शेतमजुरांची घरे. मी जमादारांना पंचनाम्याला पाठवले आणि मागोमाग स्वतः गेलो. जमादार त्याच भागातले, वीस वर्षे नोकरी झालेले, कामाला चोख. धुडकूच्या तोंडाला फेस होता, त्यात गुलाबी झाक. ओठ निळे पडले होते. बोटे पिवळी. शेजारच्या घरी दोनच दिवसांपूर्वी हळद लागली होती, मांडव अजून उभा होता. जमादारांनी मांडवाकडे पाहिले, बोटांकडे पाहिले आणि हळद लिहिली. मी असतो तर मीही तेच लिहिले असते. प्रेत डॉक्टरांकडे पाठवले आणि उखाला ताब्यात घेतले.

उखा पंचविशीचा असेल. अंगाने काटक, बोलायला कमी. वाडीतच त्याची पहिली विचारपूस केली.

"काल काय प्यालात?"

"मव्हडानी, रावसाहेब. आम्ही दोन्ही एकच लोटामाईन पिनूत."

"त्यात काय टाकलंस?"

"काय टाकसू? त्यामा जहर ऱ्हातं तं मी जित्ता कसा ऱ्हातू?"

प्रश्न बिनतोड होता, पण ताब्यातला माणूस बिनतोड बोलला की पोलिसाला तो पढवलेला वाटतो. मला तसेच वाटले. मी त्याला बेड्या घातल्या आणि पुरावे गोळा करायला लागलो. त्याच्या घरून मोहाच्या दारूचे मडके आणि लोटा जप्त केला. मग धोतरा कुठून तोडलास ते दाखव, म्हणून त्याला वाडीमागच्या नाल्याने वर नेले. त्याने काहीच दाखवले नाही, कारण दाखवण्यासारखे काही नव्हते. नाल्यात धोतरा सगळीकडे असतो, तेव्हा चार झाडे आम्हीच तोडून मुद्देमालात घेतली. तिथून भर उन्हात ठाण्यापर्यंत. सगळे मिळून चार मैल तरी त्याला चालवले. मी सायकल हातात धरून बाजूने चालत होतो.

नाल्याच्या चढावर तो दोनदा खाली बसला. छाती भात्यासारखी वरखाली होत होती.

"काय रे, धाप कसली लागते?"

"कालना मिरचीना ठसका शे. उतरी जाई."

"ऊठ मग."

तो उठला.

अपराधी माणसाला धाप लागते, तोंडाला कोरड पडते, असे आम्हाला शिकवले होते आणि मी ते बऱ्याच वेळा खरे झालेले पाहिले होते. त्यामुळे त्याची धाप मी त्याच्याविरुद्ध धरली. डायरीत लिहिलेसुद्धा: 'आरोपी घाबरलेला दिसतो, श्वास जोराने चालतो.'

दुपारी डॉक्टरांचा निरोप आला. ते सरकारी दवाखान्यात नवे होते, मुंबईला शिकलेले. मी स्वतः जाऊन भेटलो. ते म्हणाले, "फुफ्फुसं पाण्याने भरलीत. पोटात दारूचा वास आहे, धोतऱ्याची बी दिसत नाही. व्हिसेरा मुंबईला पाठवतो, पण पृथक्करणाचा निकाल यायला महिना जाईल. हा माणूस कसल्या धुरात होता का?"

"मिरचीच्या गोदामात होता."

"मिरचीने शिंका येतात, माणूस मरत नाही," ते म्हणाले, आणि तो विषय आम्ही दोघांनी मिळून तिथेच सोडला.

मिरचीच्या गोदामाबद्दल इथे थोडे सांगायला हवे, नाहीतर पुढचे कळणार नाही. वाळलेली मिरची हलवली की बारीक धूळ उठते आणि नाकातोंडात आग होते. म्हणून तिकडे चाल अशी, की आत मिरची हलवायची असली तर दार लोटून घ्यायचे. रस्त्यावरच्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना, लेकरांना त्रास नको. चाल चांगलीच होती. आतल्या हमालाने तोंडाला ओले फडके बांधायचे, गूळ चघळायचा आणि काम उरकायचे. ठसका लागला म्हणून दार उघडून पळणाऱ्या नवख्या गड्याची आठ-आठ दिवस टिंगल चालायची. कोणी त्याच्या हातात बांगड्या ठेवायचे, कोणी त्याला घुंगट काढायला सांगायचे. ठसका सोसणे हीच तिथे हमालाची परीक्षा होती. खोकत खोकत उभे राहायचे, आणि बाहेर आल्यावर हसायचे.

तीनच्या सुमाराला मी ठाण्यात परतलो. प्रेत तोवर नातेवाइकांच्या ताब्यात दिले होते. कोठडीत उखा भिंतीला टेकून बसला होता. आडवा हो म्हटले तरी होत नव्हता. खोकत होता.

"सोंग करी ऱ्हायना तो, रावसाहेब," जमादार म्हणाले. "कोठडीमा सगळासले दम लागस."

मी डायरी पुढे ओढली. याचा अर्थ मी होकारच दिला.

साडेतीन-चारला ठाण्याच्या फाटकाशी गलका झाला. धुडकूची बायको आली होती. लुगडे ओले, केस सुटलेले. नवऱ्याला आंघोळ घालता घालता उठून आली होती. मागून दोन बाया तिला ओढत होत्या. आजच्या दिवशी बाईने घराबाहेर पडणे हेच त्यांना भयंकर वाटत होते. शिपाई तिला हटवत होता. मी म्हटले, येऊ द्या. खरे सांगतो, दया आली म्हणून नव्हे. भावाला वाचवायला काय बनावट घेऊन आली आहे ते बघावे, असा माझा हिशेब होता.

"मन्हा भाऊले सोडा," ती म्हणाली.

"बाई, तुझा नवरा मेलाय."

"ते तुम्ही सांगू नका माले. नवरा मन्हा शे. त्याना हात दखात का तुम्ही?"

"पाहिले. हळद होती."

"हयद नही शे ती!" ती इतक्या जोराने म्हणाली की जमादार लिहायचे थांबले. "तो रोज तमाखू मयस. तठे चुना लागस ना बोटले? हयद ऱ्हाती तं लाल व्हई जाती. मी आते सोडा लाईसन घसं. लाल बी व्हयनं नही आणि गयं बी नही."

हळदीला चुना लागला की ती लाल होते हे खानदेशात काय, महाराष्ट्रातल्या प्रत्येक घरात ठाऊक असते. मला ठाऊक होते. जमादार तर दिवसाकाठी वीस वेळा तंबाखूला चुना लावत. तरी आम्हा दोघांच्या डोक्यात ते आले नाही. मला रागच आला, आणि तो तिच्यावर आला. पण पाय कोठडीकडे वळले.

"हात पुढे कर," मी उखाला म्हटले.

त्याच्या उजव्या हाताची तीन बोटे आणि डाव्या टाचेची कड पिवळी होती. सकाळी बेड्या घालताना ते हात मी स्वतः धरले होते. जमादारांच्या डबीतला चुना घेऊन मी एका बोटावर चोळला. मग शिपायाच्या चुलीवरून हळद मागवली, ती माझ्याच बोटाला लावली आणि वर चुना लावला. माझे बोट क्षणात कुंकवासारखे लाल झाले. उखाचे झाले नाही. पिवळा डाग थोडा नारिंगी, गडद झाला, एवढेच.

मी त्याच्यासमोर खाली बसलो. त्या दिवशी पहिल्यांदाच मी त्याच्या पातळीवर बसून बोललो.

"काल दुपारी हाताला काय लागलं?"

"बाटलीमातलं पानी." त्याला एका श्वासात दोन-तीन शब्दच जमत होते. "काचनी मोठी बाटली. टोपलीमा व्हती. पेंढामा. उतारता उतारता फुटनी. पानी सांडनं आणि लाल धूर निंघना."

"मग?"

"आम्ही मिरचीना देठ टाकात वर. पोतडा टाकात. सुकाडाले. धूर आखो वाढना. ठसका लागना. शेठ म्हने, साफ करा, कोनले सांगानं नही."

"दार उघडलं नाहीत?"

"मिरचीना ठसकाले कोठे दार उघाडतस?"

"आणि हे तू मला सकाळी का नाही सांगितलंस?"

त्याने माझ्याकडे पाहिले. त्या नजरेत राग नव्हता. माझ्या प्रश्नाचे त्याला नवल वाटले होते.

"तुम्ही दारूनं इचारं. मी दारूनं सांगं."

मी डॉक्टरांना बोलावणे पाठवले. ते दहा मिनिटांत आले. बोटे पाहताच त्यांनी कपाळावर हात मारला. "शोऱ्याचं तेजाब आहे हे, नायट्रिक ॲसिड! कातडीवर असाच पिवळा डाग पडतो आणि कातडी झडेपर्यंत जात नाही. प्रेताची बोटं मीही पाहिली, पण तुमच्या पंचनाम्यात हळद लिहिली होती, म्हणून हळद समजून सोडून दिली."

मग त्यांनी समजावून सांगितले. ते मी त्यानंतर कधी विसरलो नाही. शोऱ्याचे तेजाब म्हणजे सोनार सोने शुद्ध करायला वापरतात ते. अंगाला लागले तर जाळतेच, पण पेंढा, गोणपाट, भुसा, काडीकचरा यांच्यावर पडले की त्यातून लालसर तपकिरी धूर उठतो, कधी आगही लागते. त्या धुरात माणूस खोकतो, बाहेर येतो, बरा होतो. जेवतो, हसतो, घरी जातो. छातीत पाणी साचायला मात्र आतून सुरुवात झालेली असते. कोणाला सहा तासांनी कळते, कोणाला दीड दिवसाने. धुडकूने ओणवे होऊन देठ पसरले, म्हणून त्याला जास्त धूर मिळाला. उखा दोन हात मागे होता.

"यावर औषध?" मी विचारले.

"विश्रांती. एवढं एकच. बसवून ठेवायचं आणि हलू द्यायचं नाही. छातीवर जरा जरी ताण आला तरी पाणी भराभर वाढतं." ते उखाच्या छातीला नळी लावून ऐकत होते. "सकाळपासून हा बसूनच आहे ना?"

मी सांगितले. चार मैल, उन्हातून, बेड्या घालून.

डॉक्टर उठले. त्यांनी नळी गुंडाळून खिशात ठेवली आणि खाट मागवली. उखाची बहीण दाराशीच उभी होती. तिने सगळे ऐकले होते.

उखाला खाटेवर बसवून, मागे गाद्यांचा टेकू देऊन, चार शिपायांनी दवाखान्यात नेले. मी गोदामाकडे निघालो. डॉक्टर रोग्याची व्यवस्था लावून मागून आले, आणि आले ते फार बरे झाले.

शेठने आधी काही माहीत नसल्याचे सांगितले. जमिनीवर एका जागी माती ताजी खरवडलेली होती, वर शेणाचा हात फिरवलेला. कोपऱ्यात फुटकी टोपली सापडली. तिच्या बांधणीच्या तारा तेजाबाने खाल्लेल्या आणि पेंढा करपलेला. मी रेल्वेची पावती मागितली. पावतीवर 'गुलाबपाणी' आणि नग दोन.

"दुसरा नग कुठे आहे?"

शेठचा चेहरा उतरला. मिरचीच्या थप्पीमागे त्यांनी बोट दाखवले.

दुसरी टोपली तिथे होती. आत काचेचा भला मोठा बुधला, तोंडाला मातीचे बूच, आणि बुचाला चीर. थेंब झिरपून पेंढ्यावर पडत होते आणि पेंढा तपकिरी होऊन धुमसायला लागला होता. चारी बाजूंना वाळलेली मिरची. आमचे जमादार नियमाचे पक्के. ते काडी पेटवून लाख वितळवायच्या तयारीत होते, बुचावर मुद्देमालाचे सील करायला. डॉक्टर इतक्या जोरात ओरडले की काडी पेटायच्या आधीच जमादारांच्या हातातून गळाली. आज हसू येते. तेव्हा आले नव्हते.

पुढचा तासभर हुकूम डॉक्टरांचा होता, आम्ही फक्त ऐकले. दोन्हीकडची दारे सताड उघडली. रस्त्यावरची माणसे वाऱ्याच्या वरच्या अंगाला हटवली. नाल्याची वाळू आणि विझवलेला चुना गाडीभर आणवला. गोणपाट, भुसा, शेण यातले काहीही जवळ आणू दिले नाही. "ओल्या फडक्यावर भरवसा ठेवू नका," ते म्हणाले, "बाहेर श्वास घ्या, आत जा, काम करा, बाहेर या." आधी लांबून भरपूर पाणी मारून पेंढा थंड केला. भोवती वाळूचा बांध घातला. मग दोन बांबूंच्या मध्ये टोपली अडकवून चौघांनी ती डोलीसारखी उचलली, वाळू भरलेल्या बैलगाडीत ठेवली आणि गावाबाहेरच्या पडीक रानात नेली. दिवस मावळायच्या आत काम झाले. कोणाच्या अंगावर थेंब उडाला नाही. उचलणाऱ्या चौघांना डॉक्टरांनी दोन दिवस दवाखान्यात बसवून ठेवले. एक जण म्हणत होता, मला काही झालेले नाही, मिरची तोडायला जायचे आहे. त्याला मी स्वतः दम देऊन बसवला.

रात्र पडायच्या आत शेठने कबुली दिली. त्यांचे एक नातेवाईक सराफ होते. लग्नाचे दागिने खोळंबले होते. रेल्वेत तेजाब न्यायचे तर ते ठरलेल्या वारी, मालगाडीच्या उघड्या वाघिणीत, वर लाल चिठ्ठी लावून, आणि न पेटणाऱ्या मातीत बांधून न्यावे लागे. तो वार यायला पाच दिवस होते. पाच दिवस वाचवायला त्यांनी गुलाबपाणी लिहून घेतले. गुलाबपाणी म्हटल्यावर बांधणी पेंढ्यात झाली. बाटली फुटल्यावर परवाना नसलेला साठा उघड होईल, म्हणून त्यांनी तोंडे बंद केली. पहाटे धुडकू गेल्याचे कळताच त्यांनी विचार केला, की पोलीस गोदामात यायच्या आधी त्यांना दुसरीकडे पाठवावे. कुठे पाठवायचे ते त्यांना बरोबर ठाऊक होते. मेहुण्याचे भांडण म्हटले की फौजदार धावणार, आणि मी धावलो.

"उखा फासावर गेला असता," मी म्हटले.

"इतकं पुढचं मी धरलं नव्हतं, रावसाहेब," शेठ म्हणाले. मला वाटते, हे त्यांनी खरे सांगितले.

उखा शनिवारी सकाळी गेला. डॉक्टरांनी शीर तोडून रक्त काढले, त्या काळी जे जे करत ते सगळे केले. शुक्रवारी मामलेदार साहेबांनी त्याची मृत्युपूर्व जबानी घेतली तेव्हा मी खोलीत होतो. सही करायला त्याला हात उचलवेना, अंगठा घेतला. जबानी झाल्यावर माझ्याकडे वळून तो म्हणाला, "मी सांगं व्हतं तुमले, दम लागी ऱ्हायना म्हनीसन." तक्रारीचा सूर नव्हता. मी ऐकले नसेल असे समजून तो पुन्हा सांगत होता.

खटला उभा राहिला. निष्काळजीपणाने दोन मृत्यू, खोटे नाव देऊन घातक माल मागवणे, पोलिसांना खोटी खबर देणे. शेठच्या वकिलाने मला पिंजऱ्यात एकच प्रश्न नीट लावून विचारला: "आपल्या ताब्यात असताना उखा किती चालला?" आदल्या दिवशी आमच्या बाजूच्या वकिलांनी मला सुचवले होते, की अंतर मोजलेले नाही असे म्हणा. ते खोटेही नव्हते. साखळी लावून कोणी मोजले नव्हतेच. पण डायरी माझ्या अक्षरात होती आणि वाट मी स्वतः चाललो होतो. मी म्हटले, "चार मैल. उन्हात. दोनदा खाली बसला, दोनदा मी उठवला."

एवढे चालल्याने मृत्यू ओढवू शकतो का, याचे उत्तर डॉक्टरांनाही खरेच द्यावे लागले. निकालात धुडकूच्या मृत्यूबद्दल शेठला शिक्षा झाली. उखाच्या मृत्यूला श्रमही कारण असण्याचा संभव आहे, म्हणून त्याबद्दल संशयाचा फायदा मिळाला. माझ्या खरे बोलण्याने शेठची अर्धी शिक्षा वाचली. डी.एस.पी. साहेबांनी मला बोलावून समज दिली. माझ्या नोकरीच्या कागदात एक ओळ पडली, आणि पुढे बढतीच्या वेळी कोणी ती वाचलीही नाही.

पोलिसाला या प्रकरणाने काय शिकवले, असे तरुण अधिकारी विचारतात. तेजाबाच्या हाताळणीबद्दल मी ठाण्याठाण्यांत चार ओळी लावल्या होत्या: माती आणि वाळू टाका, पेंढा-गोणपाट टाकू नका, वारा पाठीवर घ्या, धूर घेतलेल्या माणसाला बरा दिसला तरी चालवू नका. ते झाले कामाचे. मला स्वतःला वेगळे शिकायचे होते. माणूस आपल्या प्रश्नापुरतेच उत्तर देतो, विशेषतः गरीब माणूस, आणि विशेषतः पोलिसाला. प्रश्न चुकला तर त्याचे खरे उत्तरही आपल्या उपयोगाचे नसते. त्यानंतर माझ्या ताब्यातल्या प्रत्येक माणसाला मी आधी बसवत असे, आणि काल दिवसभर काय काय केलेस ते सगळे सांग म्हणत असे. मध्ये बोलत नसे. त्यात वेळ जातो. जाऊ द्यावा.

निकालानंतर आठ दिवसांनी मी वाडीवर गेलो. गणवेश घातला नव्हता. ती बाई ओट्यावर सुपात धान्य निवडत बसली होती. फाल्गुनातल्या त्या तीन दिवसांत तिचे माहेर आणि सासर दोन्ही सरले होते. मला पाहून ती उठली नाही. मीच खाली बसलो. तिनेच विचारले.

"मन्हा भाऊले कोनी मारं, रावसाहेब? कोरटमा ते कोनीच सांगं नही."

वाटेने मी दोन-तीन वाक्ये जुळवून आणली होती. त्यातले एकही कामाला आले नाही.

"थोडं शेठने," मी म्हटले. "आणि थोडं मी."

तिने सूप पुन्हा हातात घेतले.

"सांगाले उनात, बरं कयं," ती म्हणाली. "आते जा."

मी उठलो आणि निघालो. माफ केले असे ती म्हणाली नव्हती, आणि ते मागण्याचा अधिकार मला नव्हता.